डेम्लो स्टेशनची संख्या

इथे रेडमंडमध्ये आपल्यापैकी बरेच जण पोटासाठी आकड्यांशी झुंजतात. निव्वळ आनंदासाठी त्यांच्याशी खेळलेल्या एका मराठी माणसाची आणि त्याच्या एका संख्येची ही ओळख.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. शिक्षण ठाण्याला व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

मुंबईपासून तीसेक मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचे डेम्लो हे स्टेशन होते, म्हणजे आजचे डोंबिवली. तिथे सुचलेल्या संख्यांना मास्तरांनी स्टेशनचेच नाव देऊन टाकले. त्यांतली ही सर्वांत देखणी:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधलाच अंक पुन्हा पुन्हा. डेम्लो संख्येची हीच खूण. १२३२१ मध्येही १२ आणि २१ मिळून ३३, आणि मध्ये ३.

यात जादू नाही. गुणाकार कागदावर मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. मधल्या रकान्यात नऊ एक जमतात, दोन्ही बाजूंना कमी कमी होत जातात आणि हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की हातचा येतो आणि नक्षी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

आणखी एक गंमत. आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. उत्तर १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणाऱ्या.

आमच्या धंद्यातल्या मंडळींसाठी: कॉम्प्युटरच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट पद्धतीत २ च्या ५३ व्या घातापुढची कोणतीही विषम संख्या जशीच्या तशी मावत नाही, आणि म्हणून हीही मावत नाही. शेवटचा १ हरवतो. मास्तरांच्या पेन्सिलीला ती अडचण नव्हती.

अनेक भारतीय गणितज्ञांनी या कामाला पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेले. ६१७४ हा त्यांचा प्रसिद्ध स्थिरांक त्यांनी १९४९ च्या मद्रास परिषदेत मांडला. पण जगभर नाव झाले ते मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते. १९८६ साली ते वारले.

आपल्या मुलांचे गणित आपण गुणांत आणि स्पर्धांत मोजतो. या शनिवारी त्यांना कागद-पेन्सिल देऊन एवढेच विचारा: ११ चा वर्ग किती? मग १११ चा? पुढचे उत्तर गुणाकार न करता सांगता येईल का? आणि 'का' हे त्यांचे त्यांनाच शोधू द्या.