फवारणी केव्हा करावी? : रसशोषक कीडनियंत्रणातील ‘आर्थिक नुकसान पातळी’ या संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कृषी इतिहासाच्या अभ्यासात बियाणे, सिंचन व कर्जपुरवठा यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे कीडनियंत्रणाच्या निर्णयाला मिळालेले नाही. वस्तुतः कोणते औषध वापरावे या प्रश्नाइतकाच ते केव्हा वापरावे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि कोळी यांच्या बाबतीत तो अधिक बिकट ठरतो. कारण हे जीव आकाराने सूक्ष्म, बहुधा पानाच्या खालच्या बाजूस राहणारे आणि अल्पावधीत अनेक पिढ्या पूर्ण करणारे आहेत. या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर कसे घडत गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

डी.डी.टी.चा कालखंड

पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये डी.डी.टी.चा कीटकनाशक गुणधर्म शोधला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे रसायन शेतीत आले आणि शेतातील किडींची संख्या न पाहता ठरावीक दिवसांनी फवारणी करण्याची पद्धत रूढ झाली. तिचे दुष्परिणाम लवकरच दिसू लागले. कॅलिफोर्नियातील संत्रावर्गीय बागांत ऑस्ट्रेलियातून १८८८-८९ मध्ये आणलेल्या व्हेडेलिया या ढालकिड्याने एका रसशोषक खवले किडीला अनेक दशके आटोक्यात ठेवले होते. डी.डी.टी.ने ढालकिडे मेले आणि खवले कीड पुन्हा उफाळली. सफरचंदाच्या बागांत कोळ्यांचा उपद्रव वाढला. कोळी हा कीटक नसून अष्टपाद प्राणी आहे, डी.डी.टी.ने त्याचे फारसे बिघडले नाही, त्याचे भक्षक मात्र नष्ट झाले. फवारणीच किडीच्या वाढीचे कारण ठरू शकते, हा या अनुभवाचा अर्थ होता.

लसूणघासाच्या शेतातील धडा

१९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात मिचेलबाखर व रे स्मिथ यांनी लसूणघासावरील अळ्या हातजाळीने मोजून आणि त्यांपैकी किती अळ्या परोपजीवी कीटकांनी ग्रासल्या आहेत हे पाहून सल्ला देण्याची पद्धत विकसित केली. १९५४ मध्ये त्याच पिकावर ठिपकेदार माव्याने आक्रमण केले. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांना ही कीड लवकरच दाद देईनाशी झाली. तेव्हा परदेशातून आणलेले परोपजीवी कीटक, स्थानिक ढालकिडे, प्रतिकारक वाण आणि मित्रकीटकांना कमी अपाय करणारी मोजकी फवारणी यांची सांगड घालण्यात आली.

या अनुभवातून स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांचा १९५९ मधील निबंध साकारला. त्यांनी दोन पातळ्या वेगळ्या केल्या. ज्या किमान कीडसंख्येमुळे आर्थिक नुकसान होते ती ‘आर्थिक नुकसान पातळी’. आणि कीड तेथवर पोहोचू नये म्हणून ज्या संख्येस उपाय योजावयाचा ती त्याखालची ‘संकेत पातळी’. शेतात कीड दिसणे हे फवारणीस पुरेसे कारण नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. १९७२ मध्ये स्टोन व पेडिगो यांनी उपायाचा खर्च, पिकाचा भाव आणि प्रति कीड होणारी हानी यांवरून ही पातळी गणिताने काढून दाखविली. वॉशिंग्टन राज्यातील सफरचंद बागांत हॉइट यांनी १९६९ मध्ये दाखविले की, इतर किडींवरील रसायने निवडून वापरल्यास भक्षक कोळी टिकतात व उपद्रवी कोळ्यांना आवर घालतात. म्हणजे केवळ शत्रू मोजणे पुरेसे नव्हते. मित्रही मोजावे लागत होते.

महाराष्ट्रातील अनुभव

भारत सरकारने १९८५ मध्ये एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीकसंरक्षणाचे मुख्य धोरण म्हणून स्वीकारले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळ्यांवरील फवारण्या प्रारंभी घटल्या. परंतु बीटी प्रथिनाचा रसशोषक किडींवर परिणाम होत नसल्याने तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी यांना महत्त्व आले. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर राज्यात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यात निरीक्षकांच्या नोंदींवरून सल्ले दिले जाऊ लागले. कापसाच्या शिफारशींत तुडतुड्यांची २ ते ३ पिल्ले प्रति पान, फुलकिडे १० प्रति पान अशा पातळ्या दिलेल्या असतात.

तथापि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला. संरक्षक साधनांचा अभाव, उंच वाढलेले पीक आणि अनेक औषधांची मिश्रणे अशी कारणे त्या वेळी चर्चिली गेली. टाळता येण्याजोगी प्रत्येक फवारणी ही पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराच्या दृष्टीने टळलेला धोकाही असते. स्टोन-पेडिगो यांच्या सूत्रातील खर्चात औषध व मजुरी धरली जाते. मजुराच्या आरोग्याची किंमत सहसा धरली जात नाही.

निष्कर्ष

‘आर्थिक नुकसान पातळी’ ही निसर्गदत्त स्थिर संख्या नाही. पिकाचा भाव वाढला की ती खाली येते, उपायाचा खर्च वाढला की वर जाते. छापील तक्त्यातील आकडा मात्र तोच राहतो. शिवाय हे तत्त्व राबविण्यासाठी कोणीतरी नियमितपणे शेतात जाऊन पाने उलटून पाहणे आवश्यक असते. कॅलिफोर्नियात या मोजणीभोवती प्रशिक्षित सल्लागारांचा व्यवसाय उभा राहिला. महाराष्ट्रात ती जबाबदारी प्रामुख्याने शासकीय यंत्रणेवर आली आणि अल्पभूधारकाचा सल्लागार पुष्कळदा औषधविक्रेताच राहिला. ज्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून आहे त्याच्याकडून ‘आज फवारू नका’ असा सल्ला मिळणे अवघड असते. म्हणूनच संकेत पातळीचा इतिहास हा केवळ कीटकशास्त्राचा इतिहास नसून, शेतात मोजणी कोणी करावयाची आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा याचाही इतिहास आहे.