परमुलखातला एसएमएस

१९८० च्या दशकाच्या मध्याला जर्मनीतून फ्रान्समध्ये शिरणाऱ्या गाडीतला फोन सीमेवर मुका होई. जर्मनीचं जाळं वेगळं, फ्रान्सचं वेगळं, ब्रिटनचं आणखी तिसरंच. एकाचं यंत्र दुसऱ्याच्या टॉवरशी बोलू शकत नसे. अपवाद होता उत्तरेकडच्या देशांचा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी मिळून एनएमटी नावाची एकच पद्धत ठरवली आणि १९८१-८२ मध्ये ती सुरू केली. ऑस्लोतला माणूस स्टॉकहोमला गेला तरी त्याचा फोन वाजत असे. एनएमटी सुरू झाली तेव्हा तिच्यात एसएमएस नव्हता, तरीही परदेशात आपल्याला मिळणाऱ्या एसएमएसचं मूळ शोधत गेलं की पहिला मुक्काम इथेच पडतो.

एसएमएसचा इतिहास सहसा १९९२ च्या डिसेंबरपासून सांगतात. पहिला मेसेज कोणी धाडला, कोणाला धाडला, त्यात काय लिहिलं होतं. मला यातला खरा नवलाचा भाग दुसराच वाटतो. ज्याला मेसेज धाडला तो माणूस या क्षणी जगात नेमका कुठे आहे, हे धाडणाऱ्याच्या यंत्राला कसं कळतं? फोन खिशात घालून माणूस नाशिकहून नैरोबीला गेला, त्याने कोणालाही कळवलं नाही, तरी मेसेज त्याच्यामागे बरोबर जातो. ही सोय एसएमएसला मागाहून जोडलेली नाही. फिरत्या माणसाला शोधून काढण्याची जी यंत्रणा युरोपने उभारली, तिच्याच पोटी एसएमएस जन्मला.

युरोपातल्या टपाल-तार खात्यांच्या संघटनेने १९८२ मध्ये जीएसएम नावाचा गट नेमला. सगळ्या युरोपात चालेल असा एकच मोबाइल घडवायचा, हे त्याचं काम. या गटाच्या फेब्रुवारी १९८५ मधल्या ऑस्लोच्या बैठकीत जर्मनी आणि फ्रान्स यांनी मिळून एक प्रस्ताव ठेवला. त्यातल्या सेवांच्या यादीत छोट्या लेखी संदेशाची नोंद होती. जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांड आणि फ्रान्सचे बर्नार गिलेबेर ही त्यामागची नावं. बॉनमध्ये हिलेब्रांड आपल्या टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं आणि प्रश्न टाइप करत बसले आणि प्रत्येक वाक्याची अक्षरं, मोकळ्या जागा, विरामचिन्हं मोजत गेले. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपत होती. पोस्टकार्डांवरचा मजकूरही पुष्कळदा १५० च्या आत असे आणि टेलेक्सवर व्यापारी माणसं तेवढ्यातच भागवत. माणसाचं म्हणणं १६० अक्षरांत मावतं, हा निष्कर्ष त्यातून निघाला. प्रत्यक्ष मसुदा आणि नियम बसवण्याचं खडतर काम पुढे नॉर्वेच्या फिन ट्रोस्बी यांच्या गटाने केलं. फिनलंडच्या मत्ती मक्कोनेन यांना पुष्कळजण एसएमएसचे जनक म्हणत, पण हे अनेकांनी मिळून केलेलं काम आहे असंच ते सांगत राहिले. मला त्यांचं म्हणणं पटतं. सीमा ओलांडणारी वस्तू एकट्या माणसाच्या किंवा एकट्या देशाच्या हातून घडणं शक्यच नव्हतं.

आता ही १६० अक्षरं न्यायची कशातून? आवाज वाहून नेणारी वाट महागडी होती. पण तिच्या शेजारी दुसरी एक अरुंद वाट होती, सिग्नलिंगची. फोन टॉवरला ‘मी इथे आहे’ असं कळवतो, टॉवर फोनला ‘तुला कॉल आलाय’ असं सांगतो, ते या वाटेने. बराच वेळ ती रिकामी असे. एसएमएस तिच्यातून न्यायचं ठरलं. एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट, एवढी जागा मिळाली. रोमन अक्षर ७ बिटांत बसतं, त्या हिशेबाने १६० अक्षरं. आवाजाची वाट वेगळी असल्यामुळेच बोलणं चालू असतानाही मेसेज येऊ शकतो.

जगभरच्या टेलिफोन एक्स्चेंजना आपसांत बोलण्यासाठी एसएस७ नावाची सिग्नलिंगची भाषा १९८० पासून ठरलेली होती. जीएसएमच्या मंडळींनी त्या भाषेत फिरत्या फोनसाठी नवे शब्द घातले आणि त्याच्या जोडीला दोन वह्या उघडल्या. एक वही ग्राहकाच्या मूळ कंपनीकडे असते, होम लोकेशन रजिस्टर. दुसरी, ग्राहक सध्या ज्या भागात आहे तिथल्या एक्स्चेंजकडे. कोकणातल्या घरी जसं मुंबईला गेलेला मुलगा सध्या कुठल्या चाळीत राहतो ते ठाऊक असतं, आणि त्याला भेटू पाहणारा आधी घरी येऊन विचारतो, तसंच हे चालतं. नैरोबीत फोन चालू झाला की तिथलं एक्स्चेंज सिम कार्डावरच्या क्रमांकातून देश आणि कंपनी ओळखतं. भारताची खूण ४०४ किंवा ४०५. मग ते मूळ कंपनीला कळवतं, तुमचा माणूस आमच्याकडे आहे. मूळ वहीत नोंद होते. नंतर त्याला कोणी मेसेज धाडला की धाडणाऱ्याच्या कंपनीचं मेसेज केंद्र मूळ वहीला पत्ता विचारतं आणि मेसेज सरळ नैरोबीला रवाना करतं. फोन बंद असेल तर मेसेज केंद्रातच थांबतो, मूळ वहीत तशी खूण राहते, आणि फोन जागा झाल्याबरोबर वहीच केंद्राला हाक मारते. कॉलला हे जमत नाही. पलीकडच्याने उचलला नाही की कॉल संपला.

यात एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. घरच्या ग्राहकाला एक रीत आणि पाहुण्याला दुसरी, असा भेद या रचनेत नाही. दादरमध्ये बसलेल्या दादरकराचीही नोंद स्थानिक वहीत व्हावी लागते आणि त्यालाही मेसेज पोचवायचा तर आधी मूळ वहीला विचारावं लागतं. जीएसएमच्या लेखी प्रत्येकजण प्रवासीच आहे. म्हणून परदेशासाठी वेगळा एसएमएस घडवावाच लागला नाही.

यंत्र तयार होतं, पण त्याने भागणार नव्हतं. परक्या कंपनीच्या ग्राहकाला आपला टॉवर वापरू द्यायचा, तर पैशांचा हिशेब आणि परस्परांवर विश्वास हवा. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनमध्ये १३ देशांच्या प्रतिनिधींनी जीएसएमच्या करारावर सह्या केल्या. १९९२ मध्ये टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला नील पॅपवर्थ या बावीस वर्षांच्या अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या. त्या फोनवरून उत्तर लिहिण्याची सोय नव्हती. रोमिंगचा करार आधी आणि पहिला मेसेज नंतर, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

करार नसला की काय होतं तेही ब्रिटनमध्येच दिसलं. १९९९ पर्यंत तिथल्या एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला मेसेज धाडू शकत नसे. आपल्याच कंपनीचा माणूस परदेशात असला तरी त्याला मेसेज जाई, पण दुसऱ्या कंपनीचा फोन बाळगणाऱ्या शेजाऱ्याला नाही. हुशार पोरांनी यावर तोड काढली. मेसेज केंद्राचा क्रमांक सिममध्ये लिहिलेला असतो, तो बदलून त्यांनी परदेशातल्या एखाद्या कंपनीचा घातला. ते केंद्र कोणाचाही मेसेज घेत असेल, तर रस्त्यापलीकडच्या मित्राला धाडलेला मेसेज समुद्र ओलांडून परत येई.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. परवाने वर्तुळांनुसार वाटले गेले. मुंबई एक वर्तुळ, ‘महाराष्ट्र आणि गोवा’ हे दुसरं. त्यामुळे मुंबईचा माणूस घाट चढून पुण्यात आला की रोमिंगमध्ये जाई. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, म्हणून लोक फोन कापत आणि मेसेज मागवत. येणारा एसएमएस मात्र फुकट असे. मेसेजच्या दृष्टीने पुणे आणि पॅरिस यांत अंतर नव्हतंच, दोन्हीकडे तीच विचारपूस.

परदेशात कॉल महाग आणि मेसेज स्वस्त, याचं कारणही या वाटांत आहे. जर्मनीत गेलेल्या पुणेकराला त्याच्या पुण्याच्या क्रमांकावर कोणी फोन केला, तर कॉल आधी भारतातल्या कंपनीकडे येतो आणि तिथून जर्मनीला जातो. हा दुसरा टप्पा उचलणाऱ्याच्या बिलात पडतो. येणाऱ्या मेसेजला असा टप्पा नाही, आणि तो पोचवण्याचे पैसे मागायचे नाहीत असाच कंपन्यांमध्ये रिवाज पडला. प्रवाशाने धाडलेला मेसेज मात्र जिथे असेल तिथून आधी त्याच्या मायदेशच्या केंद्रात जातो. त्याने पहिल्यांदा फायदा झाला तो प्रीपेडवाल्यांचा. त्यांच्या कॉलचे पैसे परदेशात बोलता बोलता कापून घेण्याची यंत्रणा बसायला वेळ लागला, पण मेसेज घरच्या केंद्रातूनच जात असल्याने पैसे घरीच कापता येत. मोठ्या बिलाची पत नसलेल्या माणसाला त्यामुळे परदेशातून निदान ‘पोचलो’ एवढं तरी लिहिता आलं.

तरी दर अन्यायी होते आणि ते कंपन्यांनी आपणहून उतरवले नाहीत. युरोपीय महासंघाने १ जुलै २००९ पासून रोमिंगमधून धाडलेल्या एसएमएसला ११ सेंटची कमाल मर्यादा घातली, आणि १५ जून २०१७ पासून महासंघात फिरताना घरचाच दर लागू झाला. फार तर ११२० बिटांच्या, रिकाम्या वाटेने जाणाऱ्या मजकुराचा दर कायद्याने उतरवावा लागला, हे विसरू नये.

या वह्यांचा एक वेगळाच उपयोग डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर झाला. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर हजारो परदेशी प्रवासी होते. तिथल्या जाळ्यांत रोमिंग करणारे परदेशी फोन कोणते, हे नोंदींतून काढून त्यांना मेसेज धाडले गेले. लाटेनंतर जो फोन वापरला गेला, त्याचा मालक जिवंत असण्याची आशा धरता आली. कॉल लागत नव्हते तिथेही मेसेज वाट काढत होते.

मराठीला या व्यवस्थेत कमी जागा आली. देवनागरी अक्षराला ७ ऐवजी १६ बिट लागतात, म्हणून त्याच ११२० बिटांत ७० अक्षरं मावतात. त्यातही काना, मात्रा, हलन्त प्रत्येक वेगळा धरला जातो. ‘स्त्री’ हा डोळ्यांना एकच अक्षर वाटणारा शब्द सहा जागा खातो. मजकूर ७० च्या वर गेला की त्याचे तुकडे होतात, जोडणीची खूण घालण्यात जागा जाते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ उरतात. रोमिंगमध्ये प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे. आखातातून कोकणात मेसेज धाडणाऱ्याने मराठी रोमन लिपीत लिहिलं, यात जुन्या फोनांच्या कळपट्टीइतकाच या हिशेबाचाही हात आहे. पुढे मानकात भारतीय भाषांसाठी ७ बिटांचे खास तक्ते आले, त्यात हिंदीचा आहे, मराठीच्या नावाचा नाही. ते तक्ते फारसे वापरात आलेच नाहीत. हे काम दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आज परदेशातल्या मराठी माणसाला भारतीय सिम जपावं लागतं ते गप्पांसाठी नाही, ओटीपीसाठी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना जास्तीची ओळखपडताळणी सक्तीची केली, आणि पुढे बँकांनी त्यासाठी मुख्यतः एसएमएसचा आधार घेतला. न्यू जर्सीत राहणारी मुलगी सांगलीतल्या वडिलांच्या औषधांचे पैसे भारतातल्या खात्यातून भरते तेव्हा तो सहा आकडी क्रमांक मूळ वहीला पत्ता विचारूनच तिच्यापर्यंत जातो.

आणि इथेच या रचनेची जुनी उणीव उघडी पडते. १९८७ चा तो करार करणाऱ्यांत बहुतेक सरकारी टेलिफोन खाती होती. पत्ता विचारणारा आपल्यातलाच, हे गृहीत होतं. पुढे जगभरच्या शेकडो कंपन्या जोडल्या गेल्या, तरी वही विचारेल त्याला उत्तर देत राहिली. डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत टोबियास एंगेल यांनी दाखवून दिलं की मेसेज पोचवण्यासाठीचा हाच प्रश्न विचारून कोणाचाही ठावठिकाणा काढता येतो. २०१७ मध्ये जर्मनीत त्याहून वाईट घडलं. परदेशातल्या एका कंपनीच्या जाळ्यातून चोरांनी ‘हा ग्राहक आता आमच्याकडे आहे’ अशी खोटी नोंद करवली, बँकेचे मेसेज आपल्याकडे वळवले आणि खाती रिकामी केली.

ठावठिकाणा उघड होण्यावरचा एक उपाय मानकात २००७ च्या सुमारासच आला होता. त्यात मूळ कंपनी विचारणाऱ्याला प्रवाशाचा पत्ता देत नाही. ती मेसेज स्वतःकडे मागवून घेते आणि पुढे आपणच पोचवते. खोटी नोंद अडवायला मात्र सीमेवर वेगळी गाळणी लागते, आणि ती बसवायची की नाही हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. २जी आणि ३जीची जाळी अनेक देशांत बंद होत असल्याने रोमिंगमधला एसएमएस आता ४जीवर इंटरनेटच्या पद्धतीने, मायदेशच्या यंत्रणेतूनच जाऊ लागला आहे. मूळ वहीचं नाव बदललं, काम तेच राहिलं.