नसबंदी : पुरुषांची व स्त्रियांची

कायमस्वरूपी संततिनियमनाची शस्त्रक्रिया. पुरुषांच्या शुक्रवाहिन्या किंवा स्त्रियांच्या बीजवाहिन्या तीत बंद केल्या जातात.

पुरुष नसबंदी अधिक सोपी व सुरक्षित आहे. चीनमधील ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये विकसित केलेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून अंडकोषाच्या कातडीला बारीक छिद्र पाडतात, त्यातून नलिका बाहेर घेऊन कापतात व बांधतात. त्याच दिवशी घरी जाता येते. मात्र नलिकेत शुक्राणू उरलेले असल्याने सुमारे तीन महिने निरोध किंवा अन्य साधन वापरावे लागते; नंतरची वीर्यतपासणी कदापि टाळू नये. या शस्त्रक्रियेने अशक्तपणा येतो, हा समज साफ खोटा आहे. संप्रेरके, कामेच्छा, ताकद यांत काहीही फरक पडत नाही.

स्त्रियांची शस्त्रक्रिया पोटाला छेद देऊन किंवा दुर्बिणीने होते. बाळंतपणानंतर सात दिवसांत किंवा सिझेरियनसोबतच ती उरकता येते. पण भूल, रक्तस्राव, आतड्याला इजा हे धोके राहतात. २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरानंतर तेरा स्त्रिया दगावल्या.

असे असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतात १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर पतीची नसबंदी झालेल्या अवघ्या ०.३ टक्के. आणीबाणीतील (१९७५–७७) सक्तीच्या नसबंदीची दहशत हे त्याचे एक कारण. सगळा भार बायकोवर टाकण्याची सवय हे दुसरे, आणि ते अधिक अन्यायकारक आहे. दोन्ही शस्त्रक्रियांत बंद केलेल्या नलिका पुन्हा जोडता येतात, पण गर्भधारणेची हमी नसते. लैंगिक संसर्गापासून दोन्ही शस्त्रक्रिया संरक्षण देत नाहीत.