बाह्या लावलेली दुलई

अकोल्याच्या माणसाला "गरम कपडे घे" असं सांगणं तसं धोक्याचंच. मे महिन्यात ४५ च्या पुढे गेलेला पारा त्याने लहानपणापासून बघितलेला असतो. त्याच्या लेखी थंडी म्हणजे डिसेंबरातली पहाट, एक हाफ स्वेटर, कानाला मफलर आणि रात्री दुलई. झालं! आमच्या ऑफिसातला एक अकोलेकर दोन महिने नेपाळमधे, २७०० मीटर उंचीवरच्या गावात मुलांना शिकवायला जाणार आहे. त्याच्या यादीत काय होतं? चार जीन्स आणि आठ सुती टी-शर्ट! ती यादी बघून मला एकदम १९३८ साल आठवलं.

तर इतिहास असा. १९३७ मधे जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला. चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती झू डे यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी निधीसाठी आवाहन केलं आणि १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून पाच डॉक्टर बोटीने निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या सिनेमामुळे कोटणीस घरोघरी पोचले. चोळकर मात्र विदर्भातसुद्धा फारसे कुणाला ठाऊक नाहीत. असो.

सप्टेंबरात ही मंडळी कँटनला उतरली, तेव्हा हवा मुंबईसारखीच दमट. फेब्रुवारी १९३९ मधे ती उत्तरेकडे येनानला पोचली आणि सगळंच बदललं. येनानची उंची जेमतेम १००० मीटर, पण कडक हिवाळ्यात तिथे रात्री पारा उणे १० च्या आसपास जातो. राहायला मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहा. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी भारतात परतले. बाकीचे तिघं आणखी पुढे, डोंगराळ आघाडीवर गेले.

आता त्या काळचे फोटो बघा. आपले डॉक्टर सुटाबुटात नाहीत, तिथल्या सैनिकांच्याच गणवेशात आहेत. हिवाळ्यातला तो गणवेश म्हणजे दोन सुती कापडांच्या मधे रुई भरून टाके घातलेला जाड कोट आणि तशीच पँट. थोडक्यात, बाह्या लावलेली दुलई!

यामागचं लॉजिक साधं आहे. ऊब रुई देत नाही, रुईत अडकलेली हवा देते. रुई फुललेली आणि कोरडी असेल तोवर काम फत्ते. ती भिजली की गोळा होते, हवा निघून जाते आणि अंगावर उरतं ओलं ओझं. उत्तर चीनचा हिवाळा कोरडा असतो, म्हणून तिथे हा कोट चालला. मुंबईहून कितीही भारी ओव्हरकोट नेला असता तरी तो फाटल्यावर तिथे दुरुस्त कोण करणार? रुईचा कोट मात्र गावातली कोणतीही बाई उसवून, पिंजून, परत शिवू शकत होती.

आणि रुई म्हटली की वऱ्हाड आलंच. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि अकोला-अमरावतीचा कापूस जोरात लिव्हरपूलला जाऊ लागला. तिथे त्याचं नाव होतं 'उमरा', उमरावतीवरून पडलेलं. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक झालं जपान. म्हणजे बघा, इकडचा कापूस जपानच्या गिरण्यांत जातोय, आणि त्याच जपानच्या बॉम्बनी जखमी झालेल्यांना टाके घालायला इकडचेच डॉक्टर चाललेत!

याची दुसरी बाजू १९६२ ची. ऑक्टोबरमधे नामका चू नदीकाठी, ३००० मीटरच्या वर, आपले जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. समोरच्या चिन्यांच्या अंगात रुईचे कोट. सुती कापड दोन्हीकडे होतं, पण एका बाजूला त्यात हवा होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती. कपड्यांची यादी करणारा माणूस मैदानी प्रदेशातल्या टेबलाशी बसलेला असला की काय होतं, ते तिथे दिसलं.

म्हणून वर जाणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. अकोला समुद्रसपाटीपासून २८० मीटरच्या आसपास. म्हणजे २७०० मीटरवर घरच्यापेक्षा १५-१६ अंश कमी, आणि वारा वेगळाच. दुपारी ऊन चटका देतं, चढताना घाम येतो, आणि सूर्य गेला की तोच घाम गार पडतो. म्हणून अंगालगत सुती नको, लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं हवं. त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. झोपायचे कपडे वेगळे आणि कायम कोरडे. जीन्स घरीच राहू द्या, भिजली की दोन दिवस वाळत नाही.

जाड जॅकेट मात्र इथल्या मॉलमधून घेऊ नका. काठमांडूच्या ठमेलमधे ते भाड्यानेसुद्धा मिळतं. आणि गावात पोचल्यावर लोक काय घालतात ते बघा, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं टेस्टिंग चालू आहे! मदतीला गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी तापाने पडला, तर गावाला मिळतो एक पेशंट, मास्तर नाही.

कोटणीस परत आले नाहीत. ते चिनी शिकले, १९४१ मधे बेथ्यून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराने गेले. वय फक्त ३२. मुंबईहून जाताना त्यांनी कोणते कपडे बांधले होते, हे आज कुणाला आठवत नाही. चीनमधल्या त्यांच्या फोटोंत दिसतो तो तिथला कोट.