आडवी तार, उभी तार

हवेतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितले. तो निकाल देणाऱ्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ मध्ये सामुदायिक रेडिओचे दार स्वयंसेवी संस्थांनाही खुले झाले. २००८ मध्ये माचनूर या तेलंगणातील गावात दलित स्त्रियांचा संघम रेडिओ सुरू झाला. आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग आहे. हा इतिहास आपण हक्काचा म्हणून सांगतो, ते योग्यच. पण त्यात अँटेनाची गोष्ट राहून जाते, असे मला वाटते. कारण तार आडवी की उभी, यावरही आवाज कोणाच्या कानी पडेल हे ठरते.

रेडिओलहरीतील विद्युतक्षेत्राला दिशा असते. यालाच ध्रुवण म्हणतात. हर्ट्झने १८८८ मध्ये तारांच्या जाळीने ते दाखवले: तारा त्या दिशेला समांतर धरल्या की लहर अडते, जाळी काटकोनात फिरवली की पार जाते. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात स्फटिकांवर असेच प्रयोग केले. म्हणजे आडव्या अँटेनाची लहर उभ्या तारेने पकडायला गेलो, तर हिशेबाने हाती शून्य. प्रत्यक्षात भिंती-डोंगरांवर आपटून लहर थोडी वळते, म्हणून काहीतरी ऐकू येते.

मे १९५५ मध्ये बीबीसीने रोथम येथून एफएम सुरू केले ते आडव्या ध्रुवणात. तेव्हाचा श्रोता घरात बसलेला, अँटेना छपरावर आडवी. पुढे रेडिओ मोटारीत आणि हातात आला, त्याची दांडी उभी झाली. मोठ्या केंद्रांनी मग आडव्याच्या जोडीला उभी लहरही सोडली.

छोट्या केंद्राला ही चैन परवडत नाही. आपल्याकडे सामुदायिक केंद्राच्या प्रभावी प्रक्षेपणशक्तीची मर्यादा साधारणपणे १०० वॅट, अँटेनाची उंची फार तर ३० मीटर. तेवढी शक्ती दोन दिशांत वाटली तर प्रत्येकीला निम्मीच. म्हणून उभी तार निवडणे मला शहाणपणाचे वाटते. पण लोखंडी मनोराही उभाच असतो. तार त्याच्या फार जवळ असली की मनोऱ्यातही प्रवाह खेळतो. एका बाजूला आवाज जोरात, दुसरीकडे क्षीण.

इथे संगणक कामी येतो. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९८१ मध्ये 'नेक-२' ही आज्ञावली तयार झाली. ती तारेचे आणि मनोऱ्याचे लहान तुकडे कल्पून प्रत्येकातला प्रवाह काढते. लष्करी गरजेतून जन्मलेले हे साधन आज घरच्या संगणकावर फुकट चालते. तार मनोऱ्यापासून किती दूर धरावी, कोणत्या बाजूला बसवावी, हे मनोरा उभारण्याआधीच कळते.

परवाना कोणाला मिळाला, एवढ्यावर या इतिहासाने थांबू नये. केंद्रापासून दूरच्या वाडीतली बाई मोबाइलवर ऐकते तेव्हा इयरफोनची वायर हीच तिची अँटेना असते. ती वायर उभी लोंबत असते.