पायांतील गांठ व तिची पारख

हिंगोलीच्या आसपास काळ्या जमिनींत अनवाणी राबणाऱ्या मनुष्याच्या पायांत बाभळीचा कांटा मोडणें ही पूर्वीं नित्याचीच गोष्ट होती. कांहीं दिवसांनीं तेथें गांठ दिसूं लागली कीं, वडील मंडळी ‘कुरूप झालें’ म्हणून बिब्ब्याचा चटका देत. मीहि पुष्कळ वर्षें तसेंच समजत असें.

सुश्रुतानें निदानस्थानांत ग्रंथि व अर्बुद यांचा निराळा विचार केला आहे. वाटोळें, स्थिर, अल्प वेदनेचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें तें अर्बुद, असें तो म्हणतो. बोटांनीं चाचपून याहून अधिक काय कळणार! गांठीच्या आंत पाहण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें.

तें साधन हातीं घेऊन १८५८ सालीं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा तरुण इंग्रज डॉक्टर मुंबईस आला. ग्रे याच्या प्रसिद्ध शरीरशास्त्राच्या ग्रंथांतील चित्रें याच्याच हातचीं. ग्रँट मेडिकल कॉलेजांत तो शिकवी. पुढें कांहीं वर्षें साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. शेतकऱ्यांचे सुजलेले, छिद्रें पडलेले पाय त्याच्यापुढें येत. छिद्रांतून काळे वा पांढुरके कण गळत. मदुरेकडे हा रोग ‘मदुरा पाय’ म्हणून आधींच ठाऊक होता. कार्टरनें कण सूक्ष्मदर्शकाखालीं धरले, त्यांत बुरशी ओळखली, रोगास ‘मायसेटोमा’ हें नांव दिलें व १८७४ सालीं त्यावर ग्रंथ काढला. (त्याचे कांहीं प्रकार बुरशीचे नसून जंतूंचे, हें मागाहून ठरलें.) पाय कापण्याखेरीज त्या काळीं फारसा उपाय नव्हता. पण कापलेला पाय टाकून न देतां चिरून पाहावा, ही बुद्धि त्यास झाली, याचें मला फार मोल वाटतें.

१८९५ सालीं राँटगेनला क्ष-किरण सांपडले, आणि न कापतांहि आंतलें दिसूं लागलें. तरी एक गांठ फसवीत राहिली. ती कूर्चेची, नाकाच्या शेंड्यास हाताला लागते तीच कूर्चा. हाडास न चिकटतां ती कंडरेशेजारीं मऊ भागांत वाढते. बहुधा तीन सेंटिमीटरहून लहान, हाताच्या बोटांत अधिक, पायांत कमी. क्ष-किरणांच्या चित्रांत पुष्कळदां तिच्यांत चुन्याचे ठिपके दिसतात. गांठ निरुपद्रवी, परंतु तिच्या पेशी कधीं कधीं कर्करोगाचा भास करवितात. १९६४ सालीं लिक्टेनस्टाइन व गोल्डमन यांनीं, आणि १९७८ सालीं चुंग व एन्झिंगर यांनीं शंभरांवर रोग्यांच्या गांठी तपासून, पेशींबरोबर गांठीची जागाहि पाहावी, हें दाखविलें. काढल्यावर शंभरांत पंधरा-वीस पुन्हां उगवतात, पण दुसरीकडे पसरत नाहींत.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या तळपायांत अशीच गांठ होती. पेशींचा अहवाल वाचून एका ठिकाणीं त्यास पाय कापण्याचा सल्ला मिळाला. सुदैवानें दुसऱ्या डॉक्टरांनीं कांचपट्टी व क्ष-किरणांचें चित्र शेजारीं ठेवून पाहिलें, आणि गांठ तेवढी काढली. तो आजहि शेतांत चालतो. मात्र वहाणा घालून.