शिक्का खोटा, पुरावा खरा

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरचं नाव निघालं की भवानी तलवारीची गोष्ट येतेच. पण शस्त्राला साधन म्हणून वाचायचं, तर गोष्ट थोडी बाजूला ठेवा आणि दख्खनी कट्यार बघा. तिचं पातं कित्येकदा युरोपातून आलेल्या तलवारीचं, कापून बसवलेलं असतं. म्हणजे मूठ इथली, पातं तिकडचं. दोन्हींचा काळही वेगळा असू शकतो. पात्यावर जेनोआचा पापणीसारखा शिक्का दिसला, तरी लगेच 'युरोपीय' लिहू नका. इथले कारागीर त्याची नक्कल करत. मी पहिल्या टिपणात हीच चूक केली. गाइडनी सरळ रेघ मारली. मूठ, पातं, शिक्का यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. आणि नकली शिक्का टाकून देऊ नका: फिरंगी पात्याला इथे किती मान होता, ते तोच सांगतो.